यंदाचा कौटुंबिक फोटो

८ डिसेंबर

मोठी माणसं गेली की त्यांच्या दैनंदिन्या सापडतात आणि मग त्या छापल्या जातात. माझ्यामागे काही सापडायचं असेल तर आधी ते लिहून ठेवायला हवं, म्हणून आजपासून सुरुवात. नगराध्यक्षपदाची माझी दुसरी मुदत संपत आली आहे. निवडणूक जानेवारीअखेर. तिकीट मलाच मिळणार यात मला शंका नाही. शंका आहे ती फक्त पक्षाला.

आज मुख्य रस्त्यावर वर्षअखेरच्या रोषणाईचं उद्घाटन केलं. बटण दाबलं आणि अर्धेच दिवे लागले. उरलेले पुढच्या टप्प्यात लागतील असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनुभव म्हणतात तो हाच.

पक्षाची यंदाची घोषणा आहे, ‘घर नीट, तर शहर नीट’. प्रत्येक इच्छुकाने आपलं कुटुंब जनतेसमोर ठेवायचं आहे. मी हे कित्येक वर्षं करतोय. दर वर्षअखेरीला आमच्या कुटुंबाचा फोटो छापलेलं कार्ड शहरातल्या घरोघरी जातं. खाली ठरलेला मजकूर असतो: ‘हे माझं कुटुंब. यातल्या प्रत्येकाचा मला अभिमान आहे.’ पक्षाने कल्पना माझीच उचलली, पण मी कुठे बोललो नाही.

११ डिसेंबर

जावई समोरच्या पक्षात गेला. कारण काय, तर मी त्याला उद्यान समिती दिली नाही. आता ज्या माणसाच्या घरात मनीप्लँटसुद्धा जगत नाही त्याला उद्यानं कशी द्यायची?

मुलगी शांत आहे. म्हणाली, राजकारण तुमचं, नवरा माझा, दोन्ही मला सांभाळून घ्यावं लागतं. फोटोला ती येईल, तो येणार नाही. इथेच पंचाईत झाली. दरवर्षी आम्ही दोघं पुढे बसतो, मागे डावीकडे मुलगी आणि जावई, उजवीकडे धाकटा एकटा. यंदा मुलगीही एकटी दिसणार. लोक म्हणतील, याचं घर नीट नाही, निम्मं रिकामं झालंय.

मी हे बोलत होतो तेव्हा ही स्वेटर विणत होती. मध्येच म्हणाली की धाकटा सुट्टीला येतोय आणि बरोबर त्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्राला, दातांच्या डॉक्टरला आणतोय. मुलगा उंच आहे, दिसायला चांगला आहे, त्याच्याकडे बऱ्यापैकी कोट आहे, वगैरे. मी म्हटलं, आता मधेच कोटाचं काय? आणि त्याच क्षणी मला सुचलं. त्या मित्रालाच फोटोत उभा करावा. जागा भरेल. हिला सांगितलं तर टाके मोजता मोजता म्हणाली, “तुम्हाला कसं हो सुचतं.”

१७ डिसेंबर

दोघं आले. डॉक्टर बरा मुलगा आहे. मला काका म्हणतो. सुरुवातीला वाटलं, समोरच्यांनी पाठवलेला असेल, म्हणून चहा पिताना दोन-तीन राजकीय प्रश्न टाकून पाहिले. त्याला आमच्या शहरातले पक्ष किती हेही माहीत नाही. इतकं अज्ञान कुणाला मुद्दाम शिकवता येत नाही, त्यामुळे संशय फिटला.

सहा वर्षं एका घरात राहतात. दोघांत एक मांजर आहे. ते शेजाऱ्यांकडे ठेवून आलेत आणि दिवसातून चार वेळा तिथे फोन करून त्याने खाल्लं का म्हणून विचारतात. पाहुण्यांची दुसरी खोली उघडून देतो म्हटलं तर धाकटा म्हणाला, एका खोलीत भागेल. पक्षाच्या काटकसरीच्या धोरणाशी हे सुसंगतच आहे. सकाळी ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून दोघांचं वाजलं. अगदी आमच्या दोघांचं वाजतं तसंच, म्हणजे तोच मुद्दा, तोच सूर, आणि शेवटी ज्याची चूक नाही त्यानेच टॉवेल वाळत घातला. तरुणांमध्ये इतकी घट्ट मैत्री हल्ली बघायला मिळत नाही.

जेवताना वडीलकीच्या नात्याने मी म्हटलं की तुम्ही दोघांनी आता लग्नाचं मनावर घ्या. डॉक्टरला जोराचा ठसका लागला. एवढा शिकलेला माणूस, पण घाईने जेवतो.

१९ डिसेंबर

फोटो झाला. आमचा फोटोग्राफर जुना माणूस आहे. तो आल्या आल्या हिने त्याला स्वयंपाकघरात नेऊन बराच वेळ काही सांगितलं, बहुतेक चहात साखर किती ते. बाहेर आल्यावर त्याने मुलीला तिच्या आईमागे उभं केलं आणि डॉक्टरला उजवीकडे, धाकट्याशेजारी. मी म्हटलं, अरे, रिकामी जागा डावीकडे आहे. तो म्हणाला, साहेब, उजेड उजवीकडे आहे. कलेत मी ढवळाढवळ करत नाही.

फोटोग्राफर सारखा म्हणत होता, जवळ या, अजून जवळ. शेवटी धाकट्याने डॉक्टरच्या खांद्यावर हात टाकला तेव्हा त्याचं समाधान झालं. एवढ्यात मला शिंक आली. त्यामुळे जो फोटो सगळ्यात चांगला आला त्यात इतर सर्व जण हसताहेत आणि मी गंभीर आहे. मला वाटतं, पदाला ते शोभून दिसतं.

छापखाना हिच्या मामेभावाचा. छपाईआधीचा नमुना हीच बघते. मी फक्त कागद निवडतो. यंदा जाड निवडला.

२२ डिसेंबर

आज कार्डं घरोघरी गेली. पहिला गठ्ठा घरी आला तेव्हा धाकटा एकटाच हॉलमध्ये होता. त्याने कार्ड उघडलं आणि उभाच राहिला. मग माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही हे बघून छापलंत?”

मी म्हटलं, अर्थात. तुलाही कागद आवडला का?

यावर त्याने मला मिठी मारली. चांगली घट्ट. नोकरीला गेल्यापासून त्याने असं कधी केलं नव्हतं. त्याआधीही केलं होतं की नाही, आठवत नाही. माझ्या सदऱ्याचा खांदा ओला झाला. जाड कागदाचं त्याला एवढं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. पण मी काही विचारलं नाही, कारण मलाही बरं वाटत होतं.

२४ डिसेंबर

प्रतिसाद अभूतपूर्व आहे. सलूनवाल्याने दाढी झाल्यावर उगाचच हात हातात घेतला आणि सोडेचना. म्हणाला, साहेब, छाती लागते. मी म्हटलं, रस्ता रुंदीकरणाला लागतेच. वाचनालयातल्या निवृत्त बाई आणि त्यांची मैत्रीण घरी आल्या. या दोघी तीस वर्षं एकत्र राहतात, दोघींत एकच छत्री. दर निवडणुकीत दोघी माझ्या विरोधात मत देतात आणि तसं मला रस्त्यात थांबवून सांगतात. आज त्यांनी मला एक कुंडी दिली आणि बाई म्हणाल्या, यंदा विचार करू. नळजोडणी खात्यातला एक कारकून केबिनमध्ये आला, कार्ड पुढे धरलं, डोळे पुसले आणि परत गेला. त्याची बदलीची काही मागणी आहे का, बघायला सांगितलं आहे.

हे सगळं संध्याकाळी हिला सांगत होतो. ही संत्रं सोलत होती. मी म्हटलं, हा सगळा जाड कागदाचा महिमा. तिने हातातली फोड खाली ठेवली.

“अहो, तो आपल्या मुलाचा मित्र नाहीये.”

मी विचारलं, मग कोण आहे?

“मी तुमची जी कोण आहे ना, तोच.”

मी उठून कार्ड आणलं. चष्मा लावून पाहिलं. मग चष्मा काढून पाहिलं. खरंच, शेंबड्या पोरालाही कळेल. पुढे आम्ही दोघं बसलोय, आणि मागे ते दोघं तस्से उभे आहेत. आणि खाली मी सही केली आहे.

मुलीला माहीत आहे का, विचारलं. आहे. जावयाला? आहे. ड्रायव्हरला? त्याला सगळ्यांच्या आधी. ज्या गोष्टीची माहिती शहरात प्रत्येकाला आहे ती नगराध्यक्षाला सर्वांत शेवटी मिळते, ही बाब प्रशासनाच्या दृष्टीने गंभीर आहे.

खरं लिहायचं तर, माझ्या डोक्यात पहिला विचार मतांचा आला. किती जातील, कुठल्या वॉर्डातली जातील. दुसरा विचार त्या मिठीचा. धाकट्याला वाटतंय की मी जाणूनबुजून छापलं, आणि मी तर काहीच केलेलं नाही. आता त्याला खरं काय ते कळलं तर तो पुन्हा सुट्टीला आल्यावर पाया पडून, दोन दिवस राहून, कामं आहेत म्हणून निघून जाईल, इतकी वर्षं जायचा तसा. मला ते नको आहे. हे मला आज पहिल्यांदा कळलं की मला ते नको आहे.

ही म्हणाली, जेवायला चला, गार होईल.

२७ डिसेंबर

पक्षाचे निरीक्षक मुख्यालयातून आले. सोबत कार्ड होतं, त्यावर डॉक्टरभोवती लाल शाईने गोल केलेला. हॉलमध्ये बसून त्यांनी मला ‘घर नीट’ म्हणजे काय ते समजावलं. स्वतःच्या बायकोशी ते गेली बारा वर्षं वकिलामार्फत बोलतात, हे सगळ्या पक्षाला ठाऊक आहे, पण ती त्यांची खाजगी बाब. मग त्यांनी एक निवेदन काढून मोठ्याने वाचलं: ‘फोटोतील सदर तरुण हा कुटुंबाचा सदस्य नसून फोटोग्राफरच्या चुकीमुळे चौकटीत आला आहे.’ उद्या पत्रकारांसमोर हे वाचायचं, की तिकीट नक्की. नाही वाचलं तर इतर इच्छुक आहेतच.

मी विचार करतो म्हटलं. विचार करताना बिस्कीट खाल्लं आणि समोरच्या दाताची टोपी निघून हातात आली.

नगराध्यक्षाला समोरचा दात नाही म्हणजे दुकानाला पाटी नाही. बोललो की शिट्टी वाजते. निरीक्षक चहाचा कप तोंडाशी धरून हसू लपवत होते.

२८ डिसेंबर

सकाळी डॉक्टरने इथल्या एका ओळखीच्या दातवाल्याचा दवाखाना तासाभरासाठी मागून घेतला. मी खुर्चीत आडवा पडलो, वर दिवा, तोंडात कापूस, बाजूला ती पाणी ओढणारी नळी गुरगुरत होती. त्याने आधी दात साफ केला. टोपीला सिमेंट लावून दात दाबून धरला आणि म्हणाला की आता पाच मिनिटं अजिबात हलायचं नाही आणि बोलायचंही नाही.

मग म्हणाला, “काका, एरवी तुमच्यापुढे बोलायची संधी मिळत नाही म्हणून आत्ता बोलतो. कागदावर काय लिहिलंय ते मला माहीत आहे. ते वाचत होते तेव्हा मी जिन्यावर होतो. वाचायचं असेल तर वाचा. माझ्या घरी माझं नाव काढत नाहीत, मला सवय आहे. त्याला नाहीये. कार्ड आल्यापासून तो सकाळी दाढी करताना गाणं म्हणतोय. सहा वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. अतिशय बेसूर आहे, काका. तेवढं बंद पडेल, बाकी काही नाही.”

मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. पण त्याचं बोट माझ्या दातावर होतं. माझ्या सबंध कारकिर्दीत मी सलग पाच मिनिटं ऐकून घेतलं असेल ते आजच. दात बसल्यावर त्याने आरसा दाखवला आणि म्हणाला, आता प्रत्येक शब्द स्वच्छ येईल. ज्या निवेदनात तो कुणीच नाही असं लिहिलंय ते मला नीट वाचता यावं म्हणून त्याने माझा दात बसवून दिला. मी पाणी पिऊन चूळ भरली आणि थँक्यू म्हटलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी पत्रकार आले. एरवी तिघं असतात, आज सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. निरीक्षक पहिल्या रांगेत. धाकटा सगळ्यात मागे, दाराजवळ, केव्हाही निघता येईल अशा बेताने उभा. मी कागद उघडला आणि वाचलं, “फोटोतील सदर तरुण हा,” आणि पुढे जीभ चालेना. दात पक्का होता, दाताचा काही दोष नव्हता.

मी कागद घडी करून खिशात घातला. “हा माझ्या मुलाचा माणूस आहे,” मी म्हणालो. “म्हणजे आमचा आहे. चुकून आलेला नाही, मी त्याला उभा केला. आता रस्त्यांबद्दल कुणाला विचारायचं असेल तर विचारा.”

रस्त्यांबद्दल कुणीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्याचं मला हायसं वाटलं. निरीक्षक उठून गेले. त्यांच्या ड्रायव्हरने जाता जाता माझा हात दाबला. या शहरात ड्रायव्हर लोकांना काय काय ठाऊक असतं कोण जाणे.

मागे पाहिलं तर धाकटा दारात नव्हता. घरी आलो तर तो खोलीत होता आणि दार लावलेलं. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो.

३० डिसेंबर

निरीक्षकांचा सकाळी फोन आला. आवाजात तूप. मुख्यालयाने सर्वेक्षण केलं म्हणे. तरुण मतदार खूश, स्त्रिया खूश, आणि वयस्क मंडळींना दातवाला जावई मिळाल्याचं विशेष कौतुक. पक्षाची घोषणा आता ‘घर मोठं, तर शहर मोठं’ झाली आहे. ती पूर्वीपासून हीच होती, असं त्यांनी सांगितलं. तिकीट माझंच. फक्त नववर्षाच्या सभेत दोघा मुलांना स्टेजवर आणायचं, मध्ये मी, दोघांचे हात मी वर करायचे, मागून फुगे सुटणार. मांजरही आणता आलं तर फार छान.

मी होय म्हणून मोकळा झालो. का नाही म्हणणार? सगळं कसं जुळून आलं होतं. मुलांना सांगायला उड्या मारत गेलो. डॉक्टरने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, “तुम्ही सांगत असाल तर येऊ, बाबा.”

आणि मला त्याचा चेहरा दिसला. लहान असताना माझ्या प्रत्येक सभेत मी त्याला स्टुलावर उभं करून कविता म्हणायला लावायचो, तेव्हाचा चेहरा. त्याला ते आवडायचं असं मी धरून चाललो होतो. मी म्हटलं, थांब, येऊ नकोस. मग म्हटलं, मी जरा फोन करून येतो.

फोनवर मी निरीक्षकांना म्हणालो की मुलं येणार नाहीत. फोटोत उभं राहायला ती माझ्या घरची म्हणून उभी राहिली, स्टेजवर पक्षाचा फुगा म्हणून नाही. निरीक्षक म्हणाले, परवा दाखवलेली हिंमत आज अशी वाया घालवू नये. मी फोन ठेवला. नंतर अर्धा तास मला फारच महान वाटत होतं, आणि त्यानंतर मी तीनदा फोन उचलून परत ठेवला. हिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, तिकीट गेलं. ती म्हणाली, बरं, मग संध्याकाळी मटार सोलून द्या.

१ जानेवारी

तिकीट जावयाला मिळालं. तो काल दुपारी स्वगृही परतला. पक्षाच्या पत्रकात ‘आदर्श कुटुंबातील जावई’ असं लिहिलंय. म्हणजे कुटुंब माझंच वापरलं. मुलीने फोनवर हसत हसत सांगितलं की त्याने कार्यालयातल्या सगळ्या कुंड्या पाण्याने भरून ठेवल्या आहेत. चार दिवसांत त्या जातील.

सभेचा आवाज इथपर्यंत येत होता. खिडकी लावून घेतली. जन्मात पहिल्यांदा सभा चालू होती आणि मी घरात होतो, हातात वाटाण्याची शेंग. डॉक्टर हिला विणकामाचा कसला तरी नवा टाका दाखवत होता. त्याला येतं म्हणे. ही त्याला म्हणाली की बरं झालं फोटोच्या वेळी तू कोट आणलास. मला कळलं नाही, कोटाचं हिला एवढं काय आहे. तरी उभं करायची कल्पना माझी होती, हे मी दोघांना सांगितलं. ही म्हणाली, हो हो, तुमचीच.

धाकटा माझ्यासमोर येऊन बसला आणि शेंगा सोलायला लागला. त्या दिवशी तो दार लावून का बसला होता ते विचारायचं होतं, पण धीर होईना. मिठीचं मनात सलत होतंच. म्हटलं, आता खरं सांगून टाकावं, जे व्हायचं ते होवो. मी सुरुवात केली की ते कार्ड छापलं तेव्हा मला, म्हणजे, असं आहे की.

“बाबा, कार्डाच्या वेळी तुम्हाला काही माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “तुम्ही कागदाबद्दल विचारलंत ना, तेव्हाच कळलं मला. तरी फोटोत आम्ही दोघं होतो आणि खाली तुमची सही होती, तेवढ्यानेच मला भरून आलं.”

मी म्हटलं, मग त्यानंतर तू काही बोलला का नाहीस?

“म्हटलं, कळल्यावर काय करताय ते बघू. त्या दिवशी सभागृहात तुम्हाला माहीत होतं. मला उभं राहवेना म्हणून मी घरी आलो.” एवढं बोलून त्याने माझ्या पुढ्यातल्या निम्म्या शेंगा स्वतःकडे ओढल्या, कारण मी फार हळू सोलत होतो.

थोड्या वेळाने तो गाणं गुणगुणायला लागला. डॉक्टरने सांगितलं होतं त्याहून बेसूर होतं. मी खिडकी लावलेलीच ठेवली.